पाच दिव्यांची टाकी

४ मार्च, सोमवार

विसरलीस ना सगळं, वहीबाई? काल चांगली तासभर तुझ्याशी बोलले, आणि आज सूनबाई म्हणते, "आई, यात काहीच नाही. शेवटी बरोबरच्या खुणेवर बोट ठेवायला विसरलात." म्हणजे विसरलीस तू, आणि नाव माझं! बरं, परत सांगते. कान उघडे ठेव. आणि मला वाचता येत नाही म्हणून काहीबाही खरडू नकोस — नात सुट्टीत आली की तिच्याकडून तपासून घेणार आहे.

हा फोन तिचाच. शिकायला वसतिगृहात गेली तेव्हा जुना मला देऊन गेली. "आजी, तू नुसती बोल, तो लिहितो." शाळेची पायरी चढले नाही मी, आणि या वयात हाताखाली कारकून आला! तोही विसराळू.

तर आमची बोट. सहा खोल्यांची. उतारू घेऊन एक दिवस नदीने वर जायचं, दुसऱ्या दिवशी खाली यायचं. माझा लेक चालवतो. सूनबाई दोर सांभाळते, स्वयंपाक सांभाळते आणि लेकाचा राग सांभाळते. झाडलोट, चादरी आणि संडास माझ्याकडे. नवरा गेल्यापासून इथेच राहते, अगदी मागच्या खोलीत. खोली एवढीशी, की कूस बदलायची तर आधी भिंतीला विचारावं लागतं. पण माझी.

आता मुद्द्याचं. संडासातलं नदीत सोडता येत नाही. सोडूही नये, खालचं गाव तेच पाणी पितं. ते सगळं फळ्यांखालच्या मैलाटाकीत जमा होतं, आणि धक्क्यावर आलं की जाड नळी लावून उपसून घेतात. टाकीत किती भरलंय ते वरून दिसत नाही. म्हणून आत सेन्सर, आणि सुकाणूशेजारी पाच दिव्यांची पट्टी. एक पेटला — तळाशी आहे. चार पेटले — उपसायची वेळ. पाच पेटले — पळा!

गेल्या हंगामात दिवे दोनच होते आणि टाकी होती काठोकाठ. मधल्या बोळात वर आली. एका उतारूने नवे कोरे बूट दाराबाहेर काढून ठेवले होते. पुढचं सांगत नाही, तूही अजून कोरी आहेस.

परवा लेक म्हणाला, "यंदा टाकीने असं केलं तर बोट विकून मोकळा होतो. गिऱ्हाईक तयार आहे. मी कुठेतरी नोकरी धरीन, आणि आई, तू थोरलीकडे."

थोरली म्हणजे माझी मोठी लेक. शहरात, तिसऱ्या मजल्यावर. पोरगी गुणाची. पण तिच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. तिथे मी पाहुणी — "आई, तू बस, तू काही करू नकोस." बसून बसून माणूस उशी होतं!

बावीस तारखेला हंगामाआधीची तपासणी. दिवे खोटे निघाले तर परवानगी नाही. परवानगी नाही तर बोट नाही.

म्हणजे सेन्सर खरा करायचा. लेकाला उत्साह नाही, सूनबाईला वेळ नाही. मला दोन्ही आहे.

५ मार्च

बोळातल्या फळ्या काढल्या. लेक म्हणाला, "झाकण काढलंस तर आधी दारं-खिडक्या सताड उघड. आतली हवा विषारी असते. तोंड घालू नकोस." घालतेय कशाला? काय सुगंधी बाग आहे!

झाकणाला स्क्रू. सूनबाईने काढले, नाकाला फडकं बांधून. मी तशीच. इतकी वर्षं संडास धुतेय, माझं नाक केव्हाच पेन्शनीत गेलं.

सेन्सर म्हणजे एक लांब दांडी, आणि तिच्यावर वरखाली सरकणारा एक गोळा. पाणी वाढलं की गोळा वर, उतरलं की खाली. गोळा जिथे असेल तिथला दिवा लागायचा. साधं आहे. पण आमच्या गोळ्यावर पांढरा दगडासारखा थर, वर कागदाचा लगदा, आणि तो अडकलाय दांडीच्या मध्यावर. टाकी भरो की रिकामी होवो, हे महाराज बसलेत पाट मांडून!

हातमोजे चढवून लाकडी पट्टीने खरवडला. थर जाईना. मग बादलीत गरम पाणी आणि व्हिनेगर घालून रात्रभर भिजत ठेवला.

लेक येऊन बघून गेला. "आई, सोड ते." पाण्याचा जग उचलला, उभ्या उभ्याच रिकामा केला आणि गेला. धक्क्यावर धूळ फार झालीय.

६ मार्च

सरकला! एका बोटाने वर, एका बोटाने खाली. नवरीसारखा लाजत लाजत, पण सरकला. परत बसवला.

८ मार्च, शुक्रवार

अडकला. पुन्हा तिथेच. जित्याची खोड!

लेक नुसता हसला. ते हसणंही धड नाही — ओठ हलले, एवढंच. हल्ली त्याला हसायलाही कष्ट पडतात. सूनबाईवर मात्र खेकसायला ताकद आहे. "मीठ कमी, दोर ओला, बादली इथे का ठेवली!" ती बिचारी म्हणते, "हंगाम सुरू झाला की होतील नीट."

चष्म्याला बोलावलं. चष्मा म्हणजे धक्क्यावरचा वायरमन. चष्मा कपाळावर, आणि दिवसभर "माझा चष्मा कुणी पाहिला का?" माणूस हुशार. गोळा हातात न घेताच म्हणाला, "आजी, घाणीत बुडलेलं काहीच टिकत नाही. कितीही धुवा, परत थर चढणार. आता बाहेरून चिकटवायची पट्टी येते. आत काही घालायचंच नाही. टाकी प्लास्टिकची आहे, तिच्या अंगाला पट्टी लावायची. तिला बाहेरूनच कळतं आत कुठवर आलंय ते."

"बाहेरून कसं कळतं?"

"तुम्हाला नाही का कळत, पोरगं जेवलंय की उपाशी? पोट फाडून बघता का?"

पटलं. आणून देतो म्हणाला. चिकटवायला मात्र आठवडाभर वेळ नाही, पलीकडच्या मोठ्या बोटीचं काम आहे. "सोपं आहे, तुम्ही लावा. जागा तेवढी कोरडी आणि सपाट हवी. जवळ लोखंड नको, नळी नको. आणि एकदा चिकटली की चिकटली! काढलीत तर वाया."

लेक म्हणतो, "आणखी एक नखरा."

असू दे. नखरे करायचं वय माझंच आहे.

१० मार्च

आज पट्टी लागली!

सकाळी धक्क्यावर टाकी उपसून घेतली. दोनदा साधं पाणी सोडून खळाळून काढली. टाकीची एक बाजू बोटीच्या अंगाला लागून आहे, मधे हातभरही फट नाही. सपाट, कोरडी जागा नेमकी तिथेच. लेकाचा हात जाईना. सूनबाईचा कोपरापर्यंत गेला आणि बसला अडकून. "आई, ओढा!" "तूच ओढ, तुझाच आहे!" दोघी हसून हसून पडलो. शेवटी माझा. काठीसारखा हात म्हणून सगळे कीव करतात — आज कामाला आला ना!

सूनबाई पालथी पडून टॉर्च धरून. मी आधी स्पिरिटच्या फडक्याने टाकी पुसली, वाळू दिली. पट्टीचा मागचा कागद सोलला. हळूहळू वरून खाली दाबत आणली, बुडबुडा राहू दिला नाही. भिंतीला पोस्टर लावतात तसं. तारा सूनबाईने जोडल्या, रंगाला रंग.

पाठ मोडलीय. पण लागली एकदाची.

११ मार्च

काय सांगू वहीबाई! दिवे उलटे!

रिकाम्या टाकीला दिवे सगळे विझलेले. इथवर ठीक. मग मी झाकणातून पाणी ओतायला घेतलं, सूनबाई दिव्यांपाशी. पाणी तळाशी साचलं आणि पेटला कोणता? पाचवा! लाल! आणखी ओतलं तर चौथा. घर बांधायला घ्यावं आणि आधी कौलं चढवावीत, तसला प्रकार!

चष्म्याला फोन. वाकून बघितलं, टॉर्च मारला, आणि जमिनीवर बसून डोळे पुसायला लागला. "आजी, पट्टी उलटी लावलीत. खालचं डोकं वर. इथे बाण आहे, बाणाशेजारी लिहिलंय — वर."

लिहिलंय! मला लिहिलेलं काय, रेघोट्याच. मी सूनबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "मी टॉर्च धरला होता. मला वाटलं तुम्ही बघितलंत."

जिला वाचता येतं तिने वाचलं नाही, जिला येत नाही तिने चिकटवलं. झालं!

लेकाला सांगितलं तर खो खो हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती महिन्यांनी हसला ते! तेवढ्यासाठी पट्टी वाया गेली तरी चालेल. मग मात्र एकदम बाकावर टेकला, "दमलो" म्हणाला. हसून कुणी दमतं का?

दुसरी पट्टी मागवलीय.

१३ मार्च, बुधवार

या खेपेला चष्मा स्वतः शेजारी बसला. मोठ्या बोटीचं काम टाकून आला, चहाच्या बोलीवर. बाण त्याने दाखवला, बोट मी ठेवलं, मोठ्याने सूनबाईने वाचलं — "वर!" तिघांनी मिळून एक शब्द वाचला. मग चिकटवली. जुनी खरवडून तिच्याच शेजारी.

मग पट्टीला शिकवावं लागतं. रिकामी टाकी असताना चष्म्याने एक बटण दाबून धरलं — "बाई, याला रिकामं म्हणतात." मग धक्क्यावरच्या नळाने साधं पाणी भरत गेलो. मी झाकणापाशी, सूनबाई दिव्यांपाशी.

"एक!" — "थांबवा! ... सोडा!" — "दोन!" — "तीन!"

धक्क्यावरचे लोक बघायला जमले, काय लिलाव चाललाय म्हणून. चार. पाच! पुन्हा बटण — "बाई, याला भरलेलं म्हणतात." शिकली. शहाणी आहे. एवढ्यात शिकते म्हणजे माझ्यापेक्षा बरी.

मग सगळी उपसून घेतली. दिवे पाचावरून एकेक करत विझले. एकही अडखळला नाही.

लेक लांबून बघत होता. "बरंय," म्हणाला. त्याच्या तोंडी बरंय म्हणजे पदक! पण चेहरा तसा नव्हता. जणू दिवे खरे झाले याचंच वाईट वाटलं.

१४ मार्च

सकाळी पट्टीवर एकच मिणमिणता दिवा. खरा. त्याला नमस्कार केला आणि झाडू घेतला.

१७ मार्च, रविवार

तीन दिवे!

उतारू नाहीत. बोट धक्क्याला बांधलेली. माणसं तीन — मी, लेक, सूनबाई. चष्मा म्हणाला होता, तिघांना दोन दिवे गाठायला आठवडा तरी लागेल. आणि हे काय?

लेक ओरडलाच. "हाही खोटारडा! सांगत होतो. बावीसला तपासणीवाल्यांपुढे नाक कापून घ्यायचं का? त्या गिऱ्हाइकाला कळवतो."

सूनबाई रडवेली. माझ्यावरच उखडली, "आई, तुम्ही तरी कशाला हात घातलात त्यात!" तिचं बरोबर आहे. हातावर घ्या म्हटलं तर डोक्यावर घेणारी मी.

पण मी काही हात टेकले नाहीत. दिवा खोटा की टाकी खरी, ते टाकीलाच विचारायचं. झाकण उघडलं, हवा जाऊ दिली, सुकी लांब काठी तळापर्यंत सोडली आणि काढली. ओली कुठवर? बरोबर तिसऱ्या दिव्याला! भरताना मी काठीवर चाकूने खाचा करून ठेवल्या होत्या, दर दिव्याला एक. मला खाचा वाचता येतात.

म्हणजे पट्टी खरं बोलतेय. टाकीत खरोखरच एवढं आलंय. आड रिकामा, आणि पोहरा भरलेला! कुठून?

लेकाला काठी दाखवली. बघितली आणि मान फिरवली. "गळत असेल कुठून तरी. विकूनच टाकू." म्हणाला आणि निघून गेला, पाण्याची बाटली घेऊन.

१८ मार्च

टाकी परत उपसली. धक्क्यावरचा उपसेवाला विचारतो, "आजी, पंगत बसली होती का?"

चष्म्याचं म्हणणं, पट्टी उत्तम आहे, पण संडासात पाणी येण्याची झडप नीट बसत नसेल, तर नदीचं पाणी थेंबथेंब भांड्यात झिरपतं आणि भांड्यातून टाकीत. असं होतं म्हणे पुष्कळ बोटींवर.

मग लागले मागे. उतारूंचे दोन संडास. दोन्हींच्या झडपा आवळल्या. भांडी पुसून कोरडी केली, आत सुका कागद अंथरला. गळत असेल तर कागद भिजेल. दारांना बाहेरून चिकटपट्टी लावली. आत कुणी जाईल तर पट्टी फाटेल. चोर पकडायची सगळी तयारी! आमच्या मागच्या संडासातही तसाच कागद ठेवून दुपारभर थांबले, कुणाला जाऊ दिलं नाही. लेक चिडचिड करत धक्क्यावरच्या संडासात गेला — तीनदा. कागद कोरडा.

सूनबाई संध्याकाळी तिच्या आईकडे गेली. तिची आई तापाने पडलीय. म्हणजे बोटीवर आता मी आणि लेक.

१९ मार्च, मंगळवार

कागद कोरडे. चिकटपट्ट्या शाबूत. गळती कुठेच नाही.

आणि सकाळी पट्टीवर पहिला दिवा पेटलेला, चौदा तारखेसारखाच. एका रात्रीत!

बसले त्या दिव्यासमोर. दोन माणसं. एक मी — माझं मला ठाऊक आहे, झोपले की सकाळीच उठते. मग उरलं कोण?

मी बहिरी, वहीबाई. थोडी नाही, चांगलीच. मागच्या संडासाचा पंप माझ्या भिंतीला लागून, घर्र घर्र करत असेल, पण मला ढिम्म ऐकू येत नाही. सूनबाई पुढच्या खोलीत झोपते. लेक पाठ दुखते म्हणून हिवाळ्यापासून सुकाणूपाशी बाकावर. कोण कितीदा उठतं, कुणाला कळणार? पण दर खेपेला बटण दाबलं की तांब्या-दीड तांब्या पाणी टाकीत जातं. ते टाकीला कळतं. जुना गोळा बसून राहिला होता म्हणून बोलला नाही. नवी पट्टी बोलली.

मग एकेक दिसायला लागलं. तो जग. ती बाटली. धुवायला आलेला पट्टा — नवीन भोक पाडलंय, खिळ्याने. मी संडासाशेजारच्या खोलीत, आणि लेक माझ्या डोळ्यांदेखत निम्मा झाला!

टाकीच्या पोटावर हात ठेवत बसले होते. घरातल्याच्या पोटावर ठेवायचा राहिला.

२० मार्च

सकाळी चहा ठेवला. त्याने साखरेचा डबा ओढला, मी मागे घेतला.

"रात्री कितीदा उठतोस?"

"आई, काय विचारतेस!"

"तुझी दुपटी धुतलीत मी. लाजायला तुला बराच उशीर झालाय."

"उठतो. मोजत नाही."

"टाकी मोजते. आणि तहान?"

"लागते. पितो. भागत नाही."

"कधीपासून?"

खिडकीबाहेर बघत राहिला. शेजारच्या बोटीवर कुणीतरी दोर वळत होतं. "गेल्या हंगामापासून. वाटलं, दगदग आहे. सोडली की बरं वाटेल." मग एकदम म्हणाला, "आई, एकदा सुकाणूवर डोळा लागला माझा. भर दुपारी. खोल्या भरलेल्या. काठाला घासली तेव्हा जाग आली. कुणाला कळलं नाही. त्या दिवशीच ठरवलं, विकायची."

"आणि टाकी?"

"टाकीचं निमित्त. मला चालवता येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

मी दिव्यांशी झुंजत होते, कारण मला वाटलं बोट वाचवायचीय.

"चल, डॉक्टरकडे."

"बावीस तारखेची तपासणी होऊ दे, मग जातो."

"टाकी भरली की उपसायला मुहूर्त बघतोस का?"

"आई, तू मला टाकी म्हणतेस?"

"तू टाकीच्या आड लपलास तेव्हा चाललं ना? ऊठ. चपला घाल."

नाही नाही म्हणत बसला. ओरडला. मी पण ओरडले. मला ऐकू येत नाही, त्यामुळे भांडणात मीच जिंकते. शेवटी सूनबाईला फोन लावला. ती आली ती धक्क्यावरून धावतच. सगळं ऐकलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. सुकाणूपाशी टांगलेली किल्ली काढली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि नवऱ्याला म्हणाली, "आता नुसतं चालायचं. बोलायचं नाही."

डॉक्टरने बोटाला सुई टोचली. यंत्रातला आकडा बघितला, मग याच्याकडे बघितलं. "तुम्ही चालत आलात?" पुन्हा टोचली. तोच आकडा. साखर. एवढी, की अजून थोडे दिवस गेले असते तर बेशुद्ध पडला असता म्हणाले — सुकाणूवर, नाहीतर संडासाच्या वाटेवर. तिथेच ठेवून घेतलं. हाताला सलाइन लावली तेव्हा लेक माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या पट्टीने पकडलं मला."

पट्टी उलटी लागली होती, तेव्हा हसला होता!

२२ मार्च, शुक्रवार

तपासणी झाली. पास!

तपासणीला एक बाई आल्या होत्या. टापटीप, हसू खिशात ठेवलेलं. दिवे बघितले, मग म्हणाल्या, "हे खरे कशावरून?" सूनबाईने काठी सोडली, काढली, खाच दाखवली. दिवा आणि खाच एकाच जागी. बाईंनी काठी दोनदा उलटसुलट करून बघितली.

"बसवलं कुणी?"

"आम्ही दोघींनी," सूनबाई म्हणाली. "दोनदा."

"उपसता कधी?"

मी म्हटलं, "चौथा दिवा लागला की. पाचव्याची वाट बघायची नसते." खिशातलं हसू जरा बाहेर आलं.

आणि ऐक — सूनबाईकडेही बोट चालवायचा परवाना आहे. नवऱ्याबरोबरच परीक्षा दिली होती, पण सुकाणू कधी हातात आलं नव्हतं. आज दुपारी धक्क्यापासून वळणापर्यंत एकटीने नेली आणि आणली. लावताना जरा आपटली. लेकही सुरुवातीला आपटायचा, म्हणून मी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. तसंही मला कुठे ऐकू येतं!

लेकाने दवाखान्यातूनच त्या गिऱ्हाइकाला कळवलं — बोट विकायची नाही. माझी खोली राहिली! भिंतीला सांगितलं, आता खुशाल कूस बदलीन.

२६ मार्च

तिसरा मजला. थोरलीचं घर. समोर दुसऱ्याची खिडकी, तिथे एक माणूस दाढी करतोय.

सक्ती कुणी केली नाही, मीच आले. लेकाला काल दवाखान्यातून सोडलं आणि इथेच आणलं. इतक्यात बोट नाही — दवाखाना चार पावलांवर हवा, दोन वेळा सुई, आणि जेवण मोजून. थोरली भावाला नाही म्हणू शकत नाही. आल्या आल्या खीर करायला निघाली होती. नाही म्हणणारं एक माणूस घरात लागतं. सूनबाई उद्या पहिले उतारू घेऊन निघेल, हाताखाली चष्म्याची बहीण. माझी खोली तिलाच दिलीय.

आता, वहीबाई, पुढचं एवढं सूनबाईच्या फोनवर पाठव. आणि या खेपेला विसरू नकोस.

सूनबाई, बोट धक्क्याला लागेल तेव्हा डबा पाठव. उकडलेली अंडी, काकडी, पालेभाजी, मासा मिळाला तर कमी तेलातला. भात थोडाच. गोड काही नको, तो फोन करून मागेल तरी नको. आणि माझ्यासाठी चार केळी — चांगली पिकलेली, ठिपके पडलेली — वेगळ्या पिशवीत, जुन्या टॉवेलात गुंडाळून, वर लिही "आईचे कपडे". मला वाचता येणार नाही, पण त्याला येतं.